डासाची अक्कल

पैज लागली ती विल्फच्या गुडघ्यांवरून, आणि तीही सोमवारी सकाळी सकाळी, तिघांच्या हातात फावडी असताना.

रात्री भरपूर बर्फ पडला होता. ओरेस्ट ह्नाट्युक आपल्या ट्रकभोवतीचा उपसत होता, शेजारची सिग्रुन तिच्या दारातला, आणि समोरच्या घरातला म्हातारा विल्फ फावड्यावर रेलून दोघांना आपलं दुखणं ऐकवत होता. आदल्या आठवड्यात विनिपेगला जाऊन डॉक्टरला दाखवून आला होता.

"डॉक्टरने बोलला," विल्फ म्हणाला, "विल्फ, गुडघे संपले तुझे. आता कर्लिंग—"

"डॉक्टर बोलला," सिग्रुन म्हणाली. हात थांबला नाही तिचा, मानही वर झाली नाही. "नाहीतर मग, डॉक्टरने सांगितलं."

"हां, तेच. सांगितलं," विल्फ म्हणाला, आणि पुढचं राहूनच गेलं. फावडं ओढत तो आपल्या पायरीकडे वळला.

ओरेस्टच्या डोक्यात सणक गेली. चाळीस वर्षं बर्फावर दगड सोडलेला माणूस गुडघे गमावून आलाय, आणि ही बाई त्याचं बोलणं इस्त्री करतेय! तो तिला तसं म्हणाला. त्यावर सिग्रुन म्हणाली की तिच्याच्यानं राहवत नाही, चूक झाली की तिला खटकन ऐकू येते, कारण तिचं डोकं जागं असतं.

"काहींचं नसतं," असं शेवटी जोडलं तिनं, आणि एक फावडं बर्फ ओरेस्टच्या बाजूला टाकला.

आता हे 'काहींचं' कुणाचं ते कळायला गावात कुणाला नकाशा लागला नसता. ओरेस्ट आठवीतून शाळा सोडून धान्याच्या कोठारावर लागलेला. सिग्रुन तरी कुठली प्रोफेसर, शाळेची बस चालवते. पण बसमध्ये चढलेलं पोर उतरेपर्यंत त्याची क्रियापदं धुऊन निघालेली असतात. ओरेस्टचं नाव होतं ते खोड्यांसाठी. पाद्र्याची आख्खी गाडी त्यानं एकदा जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून वर रिबिन बांधून ठेवली होती. कोठाराच्या मॅनेजरच्या अंगणात एका सकाळी प्लास्टिकच्या फ्लेमिंगोंचा कळप उभा केला होता, सगळ्यांची तोंडं बाथरूमच्या खिडकीकडे. लोक हसायचे, पाठीवर थापा मारायचे, वस्ताद म्हणायचे, नग म्हणायचे. पण पन्नाशी ओलांडली तरी 'हुशार' असं त्याला कुणी एकदाही म्हटलं नव्हतं. बायको नेटीनंसुद्धा नाही. हा शब्द त्याला हवा होता. कुणाला सांगितलं नव्हतं, पण दातात अडकलेल्या काडीसारखा तो त्याला छळायचा, आणि सिग्रुननं कुणाची चूक काढली की ती काडी आणखी आत जायची.

त्यानं फावडं बर्फात खुपसलं.

"सिग्रुन, जूनमध्ये डास येतात ना गं आपल्याकडे? मी टोपीपासून बुटापर्यंत झाकून बसतो. मोजा आणि पँट यांच्यामध्ये बोटभर जागा उघडी राहते, आणि तो नेमका तिथंच येऊन बसतो. दर वेळी. एकदाही चुकत नाही. मग त्याला मी काय म्हणू, विद्वान?"

पायरीवरून विल्फ हसला. सिग्रुनचे कान लाल झाले, आणि थंडीनं तर ते आधीच झालेले होते.

पुढचं सगळं भराभर झालं. शनिवार-रविवारी गावच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड घसरवत वर्तुळात नेण्याच्या खेळाच्या, सामन्यांचा जल्लोष होता. तो उरकेपर्यंत सिग्रुननं कुणाचीही चूक काढायची नाही. "कसलीही," ओरेस्टनं घाईघाईनं घातलं, कारण बोलण्यातली सोडून ती लोकांच्या चालण्यातली काढत बसेल अशी त्याला धास्ती. तिनं काढली तर ती हरली, नाही काढली तर हा हरला. हरेल त्यानं क्लबात सगळ्यांदेखत खुर्चीवर उभं राहायचं आणि आधी जाहीर करायचं, की समोरचा माझ्यापेक्षा हुशार आहे. मग गावातल्या ज्याला वाटेल त्यानं येऊन त्याची एकेक चूक काढायची, आणि त्यानं प्रत्येकाला नम्रपणे म्हणायचं, "आभारी आहे, तुमचंच बरोबर."

पंच विल्फ. विल्फला कुणी विचारलं नाही. तो तिथं होता म्हणून झाला.

झालं. ओरेस्टला कामाला लागायला एवढं पुरे होतं. त्या आठवड्यात त्यानं गावाला जी वाईट भाषा शिकवली ती सुधारायला पुढं शाळेला किती वेळ लागला असेल देव जाणे. किराणा दुकानातली बाई सिग्रुनला म्हणाली, "दूध संपलेला आहेत, उद्या येणारी आहे." पोस्टातला माणूस म्हणाला, "तुझा पत्र आल्या होत्या." चर्चच्या तळघरात सामन्यांसाठी पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, वळत बसलेल्या बायकांनी तर कहर केला, सिग्रुन बटाट्याचं पातेलं घेऊन आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकीनंही एक वाक्य सरळ बोललं नाही, आणि बोलताना हसूही येऊ दिलं नाही. बसमधल्या पोरांना ओरेस्टनं चॉकलेटं वाटली होती. ती पोरं घरापासून शाळेपर्यंत लिंगं, वचनं, काळ सगळ्यांचा चिवडा करत होती, आणि सिग्रुन जबडा आवळून, डोळे रस्त्यावर रोखून बस हाकत होती. वैतागून तिनं रेडिओ मोठा केला तर रेडिओवरचाही चुकला. तेव्हा मात्र तिनं डॅशबोर्डवर बुक्की मारून त्याला सुधारलं. पोरांनी ही बातमी धावत ओरेस्टकडे पोचवली. प्रकरण विल्फकडे गेलं. विल्फनं विचार करून सांगितलं, रेडिओ हा माणूस नाही.

तर सिग्रुन टिकली. हातमोज्याचं एक बोट चावून चावून तिनं भोक पाडलं, पण टिकली.

टिकेना तो ओरेस्ट. एक गंमत त्याच्या ध्यानात आली आणि ती काही त्याला आवडली नाही. हॉटेलात कॉफी पिताना तो पाद्र्याच्या गाडीचा किस्सा सांगत होता, नेहमीचाच, आणि नेहमीच्याच ठिकाणी नेहमीची चूक त्यानं केली. तिथं पलीकडच्या टेबलावरून सिग्रुन टोकायची, हा तिला डोळा मारायचा, लोक हसायचे आणि किस्सा पुढं जायचा. या खेपेला ती गप्प. किस्सा तिथंच अडकला. ओरेस्टनं चमचा फिरवला, पाय हलवला, खिडकीबाहेर बघितलं. काय सांगत होतो तेच आठवेना.

मग आणखी भलतंच सुरू झालं. ती बोलत नव्हती, पण तिचा आवाज त्याच्या डोक्यात येऊन बसला. दाढी करताना तो स्वतःशी पुटपुटला तरी मागून दुरुस्ती यायची. जेवताना त्यानं नेटीकडे मीठ मागितलं, थांबला, आणि तेच वाक्य पुन्हा नीट करून मागितलं. नेटीनं चमचा खाली ठेवला आणि बरं वाटतंय ना असं विचारलं. शुक्रवारी विल्फला ट्रकमधून बाजारात नेताना विल्फ म्हणाला, "माझी गुडघे आज ठणकतायत."

"माझे गुडघे," ओरेस्ट म्हणाला.

विल्फनं हळूच मान वळवून बघितलं. ओरेस्टनं नजर रस्त्यावर ठेवली. मग त्याला वाटलं, चला, चुका दिसायला लागल्या, म्हणजे माझी अक्कल वाढली की काय? त्यानं आतल्या आत चाचपून पाहिलं. वाढल्यासारखं काही लागलं नाही. नुसती खाज होती. पाठीच्या मधोमध, जिथं हात पोचत नाही तिथं सुटते तशी. विल्फचं गुडघ्यांबद्दल आणखी काही सांगायचं चाललं होतं, पण ओरेस्टचे कान त्याच्या व्याकरणावर होते, म्हणण्याकडे नव्हते. ट्रक मात्र त्यानं नीट चालवला.

नेटी त्या संध्याकाळी म्हणाली, "तू आणि सिग्रुन एका मातीचे आहात. दुसरा माणूस शांत बसलेला तुम्हा दोघांना बघवत नाही."

ही चौघं एकाच संघात खेळायची, हेही सांगायला हवं. नेटी कप्तान, सिग्रुन तिच्या हाताखाली, ओरेस्ट आणि विल्फ झाडू मारणारे, म्हणजे दगडापुढचा बर्फ घासून त्याला लांब नेणारे. आणि त्या वर्षी, कसं कुणास ठाऊक, त्यांचा संघ जिंकतच गेला. बोलणं कमी झालं म्हणून असेल. रविवारी दुपारी अंतिम सामना आला. समोर पलीकडच्या गावचा कॉर्नी पेनर आणि त्याची माणसं. बक्षीस दर वर्षीचंच, जिंकणाऱ्या संघात प्रत्येकाला एक भलं मोठं हॅम, डुकराची खारवलेली मांडी. पण नेटीला हॅमशी देणंघेणं नव्हतं. तिचं नाव भिंतीवरच्या विजेत्यांच्या फळीवर कधी लागलं नव्हतं, आणि तिच्या आईचं, आजीचं लागलेलं होतं.

गुण बरोबरीत. शेवटचा दगड उरला, तो नेटीच्या हातात. गोल वर्तुळांच्या मध्यावर पेनरचा दगड बसलेला. ज्याचा दगड मध्याला सर्वांत जवळ त्याचा गुण, म्हणून त्याच्या अंगाला घसटून आत शिरायचं होतं. पलीकडे वर्तुळात सिग्रुन झाडू टेकवून उभी, नेटीला नेम दाखवत. काचेमागं वरच्या मजल्यावर अख्खं गाव नाक चिकटवून.

नेटीनं दगड सोडला. आणि काय सोडला! ओरेस्ट आणि विल्फ त्याच्यापुढं वाकून बर्फ घासत पळाले, नेटी मागून ओरडतेय, विल्फच्या चष्म्यावर वाफ, गुडघे करकर वाजतायत. अर्ध्या वाटेवर ओरेस्टच्या झाडूच्या दांड्यातून तळहातात एक टिचकी आली. एवढीशी. पण ती कसली हे सांगायला नको. झाडू दगडाला लागला होता.

आता या खेळाला पंच नसतो. असलाच तर वर बसून कॉफी पितो. झाडू लागला की दगड बाद, आणि ज्याचा लागला त्यानं तिथल्या तिथं थांबून सांगायचं. दुसऱ्याला दिसलं तरी तो बोलत नाही, तोंड फिरवतो, म्हणजे त्याचं त्याला सांगता यावं. या गावात माणसं करात लबाडी करतील, माशांच्या लांबीत करतील, पण बर्फावर नाही. ओरेस्टनंही कधी केली नव्हती.

त्यानं मान वर केली. समोरून सिग्रुन त्याच्याकडेच बघत होती. तिला दिसलं होतं. तिचं तोंड उघडलं आणि मिटलं.

आणि नेमकी तेव्हा ओरेस्टची हुशारी जागी झाली. आयुष्यभर जिची वाट बघितली ती आली तर अशी आली. कसलीही चूक काढायची नाही असं ठरलंय. कसलीही. ही फार वेळ दम धरणार नाही. ही फुटली की पैज माझी. मी बोललो तर सामनाही जातो आणि पैजही. नुसतं झाडत राहायचं. पाय पळत होते, हात चालत होते, आणि डोकं तर त्या दोघांच्याही पुढं धावत होतं. तोंड तेवढं जागच्या जागी राहिलं.

दगड पेनरच्या दगडाला हलकेच घासला, त्याला बाजूला सरकवून आत वळला आणि बरोबर मध्यावर थांबला. काचेवर हातांचा धडधडाट झाला. नेटीनं दोन्ही हात वर केले. एवढं हसताना ओरेस्टनं तिला त्यांच्या लग्नात पाहिलं होतं. कॉर्नी पेनर हातमोजा काढत, हात पुढं करून यायला निघाला. तो हात मिळवला की सामना संपला.

"थांबा," सिग्रुन म्हणाली. ओरेस्टकडे तिनं पाहिलंच नाही. "आमचा झाडू लागला. वाटेत."

आणि तिनं स्वतःच्या पायानं नेटीचा दगड बाजूला सारला, पेनरचा होता तिथं परत ठेवला.

नेटीचे हात खाली आले. कुणाचा लागला हे पेनरनं विचारलं नाही, तसं विचारत नसतात. त्यानं फक्त हात मिळवला आणि छान सामना झाला म्हणाला.

"माझाच असणार," विल्फ चष्मा पुसत म्हणाला. "मला काही दिसतच नव्हतं. माफ कर गं नेटी."

नेटीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. ओरेस्ट बोलणार होता. खरंच बोलणार होता. पण तोवर वरून लोक खाली आले, त्याच्या गळ्यात पडले आणि त्याला ओढत घेऊन गेले. "पैज जिंकलास की रे! काढली तिनं चूक!"

वर ऊब होती, पेरोगीचा आणि तळलेल्या कांद्याचा वास होता. जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांना पहिला पेला पाजायचा ही रीत. पेनरच्या माणसांनी ओरेस्टच्या हातात राय व्हिस्की दिली. तो ती पिईना. पेला या हातातून त्या हातात, त्या हातातून या हातात. खुर्ची मधोमध आली. सिग्रुन कुरकुरली नाही, वाद घातला नाही. हरले म्हणाली, आणि बूट काढून मोज्यांवर खुर्चीवर चढली.

"ओरेस्ट ह्नाट्युक," तिनं सुरुवात केली, "हा माझ्यापेक्षा..."

शब्द येत होता. तो शब्द, गावादेखत, तिच्या तोंडून. ओरेस्ट या पायावरून त्या पायावर झाला. कोपऱ्यात विल्फ बसला होता, पेला न शिवलेला. शेजारच्या माणसाला तो चष्म्यावरच्या वाफेचं सांगत होता. तो माणूस ऐकून दुसरीकडे वळला तेव्हा विल्फ पलीकडच्याला सांगायला लागला.

"उतर खाली," ओरेस्ट म्हणाला.

सिग्रुन खुर्चीवरूनच त्याच्याकडे वळली.

"उतर गं. ती खुर्ची माझी आहे." पेला त्यानं कुणाच्या तरी हातात कोंबला. "झाडू माझा लागला. विल्फ, ऐकतोयस का? तुझा नव्हता. माझा होता, आणि मला कळलं होतं. सगळ्यांच्या आधी कळलं होतं. मी वाट बघत होतो, ही बोलेल आणि पैज मी जिंकेन म्हणून."

नेटीनं त्याच्याकडे असं पाहिलं की पाद्र्याच्या गाडीसकट सगळे किस्से त्याला परत घ्यावेसे वाटले. मागून कुणीतरी म्हणालं, तरी पण चूक तर तिनंच काढली ना.

"तिनं 'तुझा' नाही म्हटलं," ओरेस्ट म्हणाला. "'आमचा' म्हटलं. स्वतःची काढायला पैजेत बंदी नव्हती. विल्फ, तू पंच आहेस. सांग."

विल्फ टेबलाला धरून उठला. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाला, ओरेस्ट हरला.

ओरेस्ट चढला. त्याचा एक मोजा फाटका होता आणि अंगठा बाहेर आला होता. त्यावर लगेच दोघांतिघांनी हात वर केले, पण विल्फनं त्यांना थांबवलं. आधी जाहीर करायचं होतं. ओरेस्टनं घसा खाकरला. "सिग्रुन माझ्यापेक्षा..."

"ते राहू दे," खालून सिग्रुन म्हणाली. हातमोज्याचं भोक पडलेलं बोट तिच्या हातात होतं. "आठवडाभर दाबून धरलं होतं रे. खाली बर्फावर मी डोक्यानं नाही बोलले. बोलले नसते तर फुटले असते. तू डास म्हणालास तेच खरं. उघडी जागा दिसली, बसले."

ओरेस्ट खुर्चीवरूनच वाकून म्हणाला, "आभारी आहे, तुमचंच बरोबर." आणि सगळा क्लब हसला. नेटी हसली नाही, पण रांगेत सगळ्यांत पुढं येऊन उभी राहिली ती तीच.

"झाडू धरताना हात आवरलेले असतात आणि तोंड उघडं असतं," ती म्हणाली. "तुझं उलटं झालं. पुढच्या वर्षी माझं नाव फळीवर लागेपर्यंत बर्फ तू उपसायचा. माझ्या आईच्या दारातलासुद्धा."

"आभारी आहे. तुमचंच बरोबर."

कॉर्नी पेनरनं मोठ्या अदबीनं सांगितलं की तुम्ही शर्टाचं एक बटण वरच्या काजात घातलंय. कुणी मिशी एका बाजूला जास्त आहे म्हणालं, कुणी ट्रक नेहमी दोन गाड्यांची जागा अडवतो म्हणालं, पाद्री गाडीबद्दल बोलला आणि बराच वेळ बोलला. ओरेस्ट प्रत्येकाला वाकून आभारी राहिला. मग विल्फ आला.

"मी बोलायचा राहिलो ते," विल्फ म्हणाला, "फावड्यांच्या दिवशी. तुम्ही दोघं भांडायला लागलात. ट्रकमध्येपण तेच. कुणी विचारलंच नाही, डॉक्टरने पुढं काय बोलला."

सिग्रुननं हातमोजा चावला. ओरेस्टनं खुर्चीच्या पाठीला धरलं.

"काय बोलला?" दोघांनी एकदमच विचारलं.

"बोलला, गुडघे संपले, आता कर्लिंग खाली न वाकता खेळ. उभ्यानं, काठीनं दगड ढकलायचा. झाडू नको. असं अजून पुष्कळ वर्षं खेळशील." त्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "हे सामने तेवढे झाडूनं शेवटचे. काठी घेतलीयसुद्धा मी. शुक्रवारी तेवढ्यासाठीच तर तुझ्याबरोबर बाजारात आलो."

"आभारी आहे," ओरेस्ट म्हणाला. "तुमचंच बरोबर."

"तुमचंच," सिग्रुनही म्हणाली, खुर्चीवर नसतानाही.

रांग संपत आली तसा ओरेस्ट उतरायला पाय पुढं करू लागला. तेव्हा सिग्रुननं बाह्या वर सारल्या. गर्दी आपोआप बाजूला झाली. खुर्चीसमोर येऊन तिनं एक लांब श्वास घेतला, आणि आठवड्याभरात पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला.

"स्पर्धा संपली ना विल्फ?" तिनं विचारलं.

विल्फ म्हणाला, संपली.

"मग गेल्या सोमवारपासून घेते," सिग्रुन म्हणाली. "सोमवारी सकाळी, ट्रकपाशी, तू म्हणालास—"

"आभारी आहे," ओरेस्ट म्हणाला.

"अजून सांगितलं नाही मी."

"तुमचंच बरोबर."